श्रावणातले एकवीस दिवस

जितूचं कडं पिवळं झालेलं शालनने पहिल्यांदा पाहिलं, ते त्याने दारूला हात न लावलेल्या सकाळी.

माघ संपत आला होता. साखर कारखान्याच्या वसाहतीवर मळीचा आंबूस वास नेहमीसारखा पसरला होता. शालन ओट्याशी चहा गाळत होती. जितू न्हाणीतून बाहेर आला, खांद्यावर टॉवेल, आणि डाव्या मनगटावर पिवळा उजेड. त्याने आईकडे पाहिलं, मनगट टॉवेलात गुंडाळलं आणि तो खोलीत गेला. लोखंडी कपाटाचं दार करकरलं. अर्ध्या तासाने तो कपडे करून चहाला बसला तेव्हा कडं हिरवंगार होतं, आणि कपबशी उचलताना त्याचा हातही हलत नव्हता.

"चहा निवला बघ," शालन म्हणाली.

"असू दे."

आदल्या संध्याकाळी त्याने बायकोच्या, गौतमीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, उद्यापासून थेंबसुद्धा नाही. शालनने ती ऐकली होती. या बाबतीत तिचे कान लहानपणापासून तयार होते. तिचे वडील, आबा, सायकल भिंतीला कशी टेकवतात यावरून ती सांगायची, आज आईने ताट वाढून ठेवावं की धाकट्या भावाला घेऊन शेजारी जावं. सायकल अलगद टेकली तर बरं. पेडल भिंतीला खरवडत गेलं की उठायचं. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती, आता बहात्तर. भिंती बदलल्या, सायकली गेल्या, पण कान तेच राहिले. त्या सकाळी कपाटाचं दार करकरलं आणि तिला सगळं समजलं. शपथ पाळली म्हणून कडं पिवळं झालं होतं. शपथ मोडली तेव्हा ते हिरवं झालं.

असं का झालं, हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. एक जितू आणि दुसरी ती.

त्या कड्याचं नाव पारख; कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला असलेल्या जितूसारख्या प्रत्येकाला ते घालावं लागे. नदाफ सिस्टर मागल्या वर्षी आषाढात ते पहिल्यांदा वसाहतीत घेऊन आल्या, तेव्हा समाजमंदिरात बायकांची गर्दी झाली होती. नदाफ सिस्टर म्हणजे कारखान्याच्या आरोग्यकेंद्रातल्या परिचारिका. बाई ठेंगणी, आवाज मात्र भोंग्यासारखा.

"सिस्टर," मागून सुरवसे काकूंनी विचारलं, "नवरा खोटं बोलतोय का ते सांगणारं कडं नाही का काढलं कुणी?"

"त्याला वीज पुरायची नाही, काकू."

सगळ्या हसल्या. मग सिस्टरनी समजावून सांगायला घेतलं, आणि शालनला ते नीट कळलं, कारण सिस्टर यंत्राविषयी थोडं आणि माणसाविषयी जास्त बोलल्या.

जुनी यंत्रं दारूचा वास पकडायची. डिस्टिलरीत त्यांचा काही उपयोग नव्हता. तिथे इथेनॉल तयार होतं, हवाच अशी की माळकरी माणूस आत फिरला तरी यंत्र बोंबलायचं. पण दहा वर्षांपूर्वी संशोधकांच्या ध्यानात आलं की आपण चुकीच्या जागी शोधतोय. माणूस किती पितो यावरून तो अडकला की नाही, हे कळतच नाही. दारू नसताना त्याचं शरीर काय करतं, त्यावरून कळतं.

"असं समजा," सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या दाराला बाहेरून कुणी रोज रेटा देतंय. दार उघडू नये म्हणून आतून तुम्ही उलटा रेटा देता. रोज, महिनोन्‌महिने. दारू मेंदूला बाहेरून असाच रेटा देते, त्याला सुस्त करते. मेंदू आतून उलट जोर लावायला शिकतो. आता बाहेरचा माणूस एकाएकी बाजूला झाला तर?"

"आतला तोंडावर पडेल," कुणीतरी म्हणालं.

"तेच. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी हे नसांत सुरू झालेलं असतं. कडं ते मोजतं. बोटांची न दिसणारी थरथर, दोन ठोक्यांमधलं अंतर, घामातलं मीठ, झोपेतल्या हालचाली. आणि सांगतं, की बाबा, आता तुझं तुझ्या हातात राहिलेलं नाही, आता दवाखान्यात ये."

पण प्रत्येकाचं शरीर वेगळं. कुणाचा हात मुळातच हलका, कुणाची नाडी मुळात जलद. म्हणून कड्याला आधी तो माणूस दारूविना कसा असतो ते दाखवावं लागे. सलग एकवीस दिवस. सिस्टर त्याला कोरी पाटी म्हणायच्या. पाटी भरली की कडं जन्मभर त्याच माणसाशी ताडून बघणार. तसाच असला तर हिरवं, ढळला तर पिवळं, फार ढळला तर लाल. सलग तीन दिवस पिवळं राहिलं तर डिस्टिलरीच्या कंट्रोल रूमचं दार त्याच्यासाठी उघडणार नाही. त्याने आरोग्यकेंद्रात जायचं. उपचार फुकट, रजा भरपगारी, नोकरी शाबूत.

आणि ही पाटी भरायला श्रावण निवडला होता. कुणीतरी मोठ्या हुशारीने निवडला असणार. गटारीला ओतून घेणारी माणसंसुद्धा श्रावणात बाटलीला शिवत नाहीत. वेगळी सक्ती नको, पहारा नको. घरातल्या एका माणसाने साक्षीदार म्हणून रोज संध्याकाळी फोनवर एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं: आज घेतली का? आणि एकविसाव्या दिवशी सही करायची.

"आमचा जितू श्रावण पाळतो," शालन तेव्हा भर सभेत म्हणाली होती. हे वाक्य ती पंधरा वर्षं म्हणत आली होती. गौतमीचे वडील स्थळ बघायला आले तेव्हाही तिने हेच सांगितलं होतं. "घेतो कधीमधी, खोटं कशाला बोलू. पण श्रावण पाळतो." त्यांनी मान डोलावली होती. श्रावण पाळणारा माणूस दारुडा नसतो, हे त्या भागात कुणी कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

त्या श्रावणात गौतमी माहेरी होती, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी. घरात मायलेक दोघंच. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी जितू जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं त्याला लावता येईनात. शालनने जवळ जाऊन लावून दिली. त्याची छाती घामाने चिंब झाली होती आणि हातांची बोटं वाऱ्यावरच्या पानासारखी हलत होती.

"ताप आहे का रे?"

"नाही गं. होईल कमी."

ती थरथर शालनने आधी एकदा पाहिली होती.

तिचे आबा गुळव्या होते. पंचक्रोशीतल्या गुऱ्हाळांवर त्यांना मान होता. उसाचा रस काहिलीत उकळून घट्ट व्हायला लागला की आबा त्यातला थेंब पाण्यात टाकायचे, दोन बोटांत त्याची गोळी वळायचे, आणि एका क्षणी ओरडायचे, "उतरवा!" आठ माणसं त्या शब्दासाठी दांडे धरून उभी असत. क्षणभर आधी उतरवली तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. आबांचा क्षण कधी चुकला नाही. पिऊन असले तरी चुकला नाही, आणि हेच लोक कौतुकाने सांगायचे.

एक्क्याऐंशी सालच्या श्रावणात आबांनी दारू सोडली. देवापुढे नारळ फोडून, पूर्ण. तिसऱ्या दिवशी ते थरथरायला लागले. चौथ्या दिवशी दुपारी म्हणाले, "शालन, भिंतीवर मुंग्या किती गं ह्या. झाड बघू." भिंत कोरी होती, नुकती सारवलेली. पण आबांनी सांगितलं म्हणून बारा वर्षांच्या शालनने केरसुणी आणली आणि ती कोरी भिंत झाडत राहिली. "वर, वर अजून," आबा सांगत होते. मग त्यांना झटका आला. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. दवाखान्यात न्यायचं कुणी काढलं नाही. डॉक्टरला सांगायचं काय, दारू सोडली म्हणून आजारी आहे? लोक हसले असते. संध्याकाळच्या आत सगळं संपलं.

"एकदम सोडायला नको हुती," बाराव्याला शेजारची म्हातारी म्हणाली होती. "दोन घोट दिलं असतं तर वाचला असता की गं."

ते वाक्य शालनने साठ वर्षं जपलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती.

म्हणून त्या तिसऱ्या दिवशी तिने कूलरच्या मागे हात घातला. बाटली कुठे असते हे तिला कायमच माहीत असे. तिने पितळी फुलपात्रात चार बोटं ओतली आणि जितूपुढे धरली.

"आई, श्रावण आहे."

"औषध म्हणून घे. देवाला मी सांगते."

त्याने घेतली. अर्ध्या तासात हात थांबले. संध्याकाळी फोनवर प्रश्न आला तेव्हा शालनने 'नाही'वर अंगठा ठेवला. दुसऱ्या दिवशीही. सकाळी एक फुलपात्र, संध्याकाळी एक. एकोणीस दिवस. शेवटी सही. कड्याने जितूची पाटी भरून घेतली, आणि चार बोटं पोटात असलेला जितू हाच खरा जितू, असं धरून ते पहिल्यांदा हिरवं उजळलं. सिस्टरनी पेढा दिला.

पाटी खरी भरली असती तर पुढे जितू पिऊनही ढळलेला दिसला असता आणि न पिताही. लपायला जागाच राहिली नसती. आता त्याला हिरवं राहायचा एक सोपा रस्ता होता. कामावर जायच्या आधी चार बोटं. मग सहा. मग आठ.

त्या वर्षभरात गौतमीचं काय झालं, ते शालन रोज बघत होती. गौतमी तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायची. डोळे तिलाही होते. जितूचं जेवण अर्ध्यावर आलं, तो लग्नकार्याला जाईनासा झाला, फोन लपवावा तशा पाण्याच्या बाटल्या लपवू लागला, पाय सुजू लागले. ती काही बोलली की जितू डावं मनगट तिच्या नाकापुढे धरायचा.

"हे काय आहे? रंग सांग रंग. शाळेत पोरांना शिकवतेस ना?"

फाल्गुनात ती आरोग्यकेंद्रात जाऊन भांडून आली. नोंदी काढल्या. सगळ्या हिरव्या. जितूचा साहेब तिथेच होता, हसून म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे तीनशे माणसं आहेत, त्यांत तुमचे मिस्टर आदर्श." घरी येऊन ती स्वयंपाकघरात पाटावर बसली.

"आई, खरं सांगा. मला वेड लागलंय का? वास येतो म्हटलं तर म्हणतात डिस्टिलरीचा. हात बघा म्हटलं तर म्हणतात कडं बघ. तुम्ही तर घरातच असता दिवसभर. तुम्हाला काही दिसत नाही?"

शालनने तिच्यापुढे ओव्याचा चहा ठेवला. "दमतीस तू फार," ती म्हणाली. "चहा घे."

वाक्य तोंडातून गेल्यावर ते तिचं तिलाच ओळखू आलं. आईला शेजारणी असंच काहीतरी म्हणायच्या.

त्याच आठवड्यात, गौतमी शाळेत असताना, ती जितूच्या खोलीत गेली. "सांगून टाकू या सिस्टरना," ती म्हणाली.

जितू पलंगावर आडवा होता. त्याने डोळे उघडले. त्यांचं पांढरं आता पांढरं राहिलं नव्हतं.

"काय सांगणार? झीरो चुकीचा धरला म्हणून? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आई. मी दिवसभर तिथे मीटरच बघत असतो. ज्याचा झीरो चुकला त्याचं पुढचं सगळं चुकतं." तो कोपरावर उठला. "मी सोडायला बघतो गं. खरंच बघतो. एक दिवस सोडली की हे पिवळं होतं. दुसऱ्या दिवशी वसाहतीत चर्चा, गेटवर लोक बघतात. मग घेतो. हिरवं होतं. कधीकधी वाटतं, हेच खरं बोलतंय. मी असाच आहे."

"मी सही केली ती खोटी, असं सांगते मी."

"मग तू तुरुंगात आणि मी गेटबाहेर. आणि गौतमीला काय सांगशील?"

शेवटचा प्रश्न तिला जड गेला. तुरुंगाचं तिला काही वाटलं नव्हतं. ती उठून बाहेर आली आणि ज्वारी निवडत बसली. निवडून झाली तरी सूप हातातच होतं. चैत्र गेला, वैशाख गेला.

गटारीच्या आदल्या दिवशी गौतमीने जितूसमोर, शालनच्या देखत, एकच वाक्य सांगितलं. "यंदाचा श्रावण खरा पाळलास तर मी या घरात राहीन, नाहीतर दहीहंडीनंतर मी माहेरी आणि परत यायची नाही." आवाज चढला नव्हता. वर्गात फळ्यावर उत्तर लिहून खडू खाली ठेवावा तसं.

जितूने आठ दिवसांची रजा टाकली. रजेवर कडं काढायची मुभा असे. ते त्याने काढून कपाटात ठेवलं. मनगटावर चार बोटं रुंद पांढरा पट्टा उरला. पहिल्या दिवशी गौतमी शाळेत गेल्यावर त्याने सगळ्या बाटल्या आईसमोर मोरीत ओतल्या. मग तिचे पाय धरले.

"या वेळी फुलपात्र आणू नकोस. मी मागितलं तरी, रडलो तरी. आणि सिस्टरला किंवा कुणाला बोलावू नकोस. तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे. ते निघाले की मी सुटलो. घे शपथ."

शालनने शपथ घेतली, दोन्ही गोष्टींची.

एक बाटली मात्र ओतली गेली नव्हती. ती तिने आदल्या दिवशीच काढून देवघराच्या खालच्या फळीवर, तेलाच्या बुधल्यामागे ठेवली होती. लागली तर असावी म्हणून.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता, गौतमी शाळेत असताना, जितूला उभं राहता येईना. शालनने त्याला भिंतीशी गादी घालून निजवलं. तो घामाने थबथबला होता, दात वाजत होते, तिच्याकडे बघायचा आणि ओळख न पटल्यासारखा नजर वळवायचा. शालन देवघरात गेली. बाटली काढली, फुलपात्र भरलं. चार बोटं नव्हे, काठोकाठ. शपथ मोडली तर मोडली. पोरगा वाचला पाहिजे. ती परत आली आणि त्याच्या उशाशी वाकली.

"आई," जितू तिच्या खांद्यावरून वर बघत म्हणाला, "मुंग्या किती ह्या."

भिंत कोरी होती.

"झाड ना. वर चढतायत."

शालनचा हात आपोआप केरसुणीकडे गेला. ती कोपऱ्यातच होती. बोटं मुठीला लागली, आणि तिथेच ती थांबली. एका हातात फुलपात्र, दुसऱ्या हातात केरसुणी. साठ वर्षांत तिला एवढ्या दोनच गोष्टी करता आल्या होत्या. एकदा भिंत झाडली आणि माणूस मेला. एकदा फुलपात्र दिलं, आणि माणूस हा असा झाला. तिसरी गोष्ट कुणी शिकवली नव्हती. नदाफ सिस्टरनी भोंग्यासारख्या आवाजात सगळ्यांना सांगितली होती, तेवढीच.

तिने केरसुणी सोडली आणि फोन उचलला.

"सिस्टर, मी शालन. जितूची आई. त्याला मुंग्या दिसतायत."

पलीकडून सिस्टरचा आवाज आला, हळू, अगदी वेगळा. "शेवटची कधी घेतली, मावशी?"

"परवा सकाळी. रोज एक बाटली व्हायची."

"कडं हिरवं होतं ना त्याचं?"

"ते खोटं आहे." शालन म्हणाली. "मागच्या श्रावणात मीच देत होते त्याला. एकोणीस दिवस. सही माझी खोटी आहे."

"ते मागनं बघू. आत्ता घरात दारू आहे?"

"हातातच आहे."

"खाली ठेवा. देऊ नका, गिळताना श्वासात जाईल. गाडी निघालीय. झटका आला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. तोंडात काही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही, चमचा नाही. ऐकताय ना?"

झटका आला. शालनने त्याला कुशीवर वळवलं. बेचाळीस वर्षांचा मुलगा तिच्या मांडीवर ताठ होऊन आपटत होता, आणि ती त्याच्या डोक्याखाली आपला पदर घट्ट धरून बसली होती. फुलपात्र लवंडलं. फरशीवरून ओघळ तिच्या पायापर्यंत आला.

गाडी चौदा मिनिटांत आली. पुढे तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सिस्टर तिच्या शेजारीच बसल्या होत्या.

"या श्रावणात फोन करणाऱ्या तुम्ही सातव्या, मावशी," त्या काचेतून बाहेर बघत म्हणाल्या. "कुणाची बायको, कुणाची बहीण. सगळ्यांची गोष्ट तीच. मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशी थरथरला म्हणून थोडी दिली. आम्हाला वाटलं होतं, श्रावणात कुणी खोटं बोलणार नाही." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "डिस्टिलरीतल्या निम्म्या पाट्या अशाच भरल्यात आता. कुणाच्या हिरव्यावर विश्वास ठेवायचा, तेच कळेनासं झालंय."

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. पाचव्या दिवशी तिने शालनला आणि गौतमीला समोर बसवलं. मेंदूवर आलेलं टळलं होतं. हातांची थरथर औषधावर शांत झाली होती. पण यकृत आकसलं होतं, पोटात पाणी धरलं होतं. पूर्वीसारखं काम जमेल असं वाटत नाही, ती म्हणाली. किती वर्षं, ते विचारू नका. एक वर्ष आधी आणला असता तर गोष्ट वेगळी होती.

"सोडली म्हणून झालं का हे?" शालनने विचारलं. "आमचे आबा तसेच गेले. एकदम सोडली म्हणून."

"सोडली म्हणून नाही, आजी. एकट्याने सोडली म्हणून. हात थरथरायला लागला, तोच दवाखान्यात यायचा क्षण. इथे औषधावर पाच-सहा दिवसांत निभावतं. बहुतेक जण चालत घरी जातात."

"हे औषध नवीन निघालंय?"

"नाही हो. जुनं आहे."

"एक्क्याऐंशी साली होतं?"

"होतं, आजी. तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात मिळालं असतं."

तालुका त्यांच्या गावापासून पाच मैलांवर होता. आबांची सायकल भिंतीला टेकलेली होती.

बाहेर शालन गौतमीशेजारी बाकावर बसली. सिस्टरनी गौतमीला सगळं सांगितलं होतं, की शालननेच सांगायचं म्हणून ठेवलं होतं, हे शालनला कळेना. म्हणून तिने पहिल्यापासून सांगितलं. कूलर, फुलपात्र, फोनवरचा अंगठा.

"एकोणीस दिवस," गौतमी म्हणाली.

"हो."

"आणि पुढे वर्षभर मी वेडी."

"हो."

"आणि तुम्ही मला ओव्याचा चहा करून देत होता."



आठव्या दिवशी जितूला खाटेवर बसवलं. त्याचं मनगट सध्या रिकामंच होतं. नव्या कड्यासाठी नवी पाटी लागते, आणि सिस्टरनी साक्षीदाराचा कागद आणला तेव्हा शालनने तो हातात घेतलाही नाही. "माझी सही नको," ती म्हणाली. सिस्टरनी कागद गौतमीपुढे धरला. गौतमीने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. सही केली नाही, फाडलाही नाही.

दुपार होती. जितूचे ओठ सुकले होते.

"पाणी," तो म्हणाला.

गौतमीने घरून पिशवी भरून आणली होती. टॉवेल, कंगवा, साबण, आणि घाईत हाताला लागलं ते फुलपात्र. शालनने ते काढलं, माठाच्या तोटीखाली धरून भरलं आणि नेहमीच्या सवयीने त्याच्या तोंडाशी नेलं.

जितूने फुलपात्राकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. रागाने नाही. घाबरलेल्या पोरासारखा. आणि त्याने ओठ घट्ट मिटून तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पाणी आहे रे," शालन म्हणाली. "पाणीच आहे."

तो वळला नाही.

गौतमी खाटेच्या पलीकडून उठून आली. तिने सासूच्या हातातून फुलपात्र घेतलं, स्वतःच्या ओठांना लावलं आणि एक घोट घेतला. तोंडात धरला, चव पाहिली, गिळला. मग ती खाटेच्या कडेला बसली आणि फुलपात्र नवऱ्यापुढे केलं.

"पाणी आहे," ती म्हणाली.

तेव्हा तो प्यायला.

शालन पायथ्याशी उभी राहून बघत होती. तिचा हात अजून तसाच पुढे होता, रिकामा. तो खाली घ्यायचं तिला उशिराने सुचलं.